एकशे चार हुकूम आणि एक मफलर

२ तारीख, सोमवार

नवीन वही. जुनी कंपनीने दिलेली होती, आणि कंपनीने नारळ दिल्यावर तिच्यात लिहावंसं वाटेना. चार महिने झाले. वय एक्कावन्न, डोकं शाबूत, वेळ रग्गड. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. शनिवारी बायको म्हणाली, "आता माझे गुडघे तेवढे राहिलेत."

काल बायको आतल्या खोलीत दार लावून ताईशी तासभर फोनवर बोलत होती. दोघींचं काय चालतं देव जाणे. आणि आज सकाळी अगदी योगायोगाने ताईचाच मला फोन. "अरे, आमच्या यंत्राची कंट्रोल पेटी जळली. तू बघतोस का जरा?"

ताईचा विणकामाचा कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक यंत्र आणि एक मास्तर. यंत्र दोन माणसांच्या लांबीचं, शेकडो सुया, त्यांच्यावरून इकडून तिकडे धावणारी गाडी. मास्तर सव्वीस वर्षं त्यावर आहेत. पेटी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली, सुटे भाग मिळत नाहीत. एक व्यापारी २७ तारखेला येणार आहे. यंत्र मोडून भाग काढायला घेऊन जाईल.

मी म्हटलं, "जाऊ दे की. जुनंच आहे."

ताई म्हणाली, "यंत्र गेलं की मास्तरांना काय सांगू? ह्या वयात दुसरं कोण घेणार त्यांना?" तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी लगेच निघालो.

३ तारीख, मंगळवार

पेटी मेली ती मेलीच. पण मी पेटी दुरुस्त करणारच नाहीये. माझा जुना लॅपटॉप वायरीने यंत्राला जोडायचा आणि एक भाषाच लिहायची! नक्षी म्हणजे काय? ओळींची यादी. एका ओळीत कुठली सुई उचलायची, कुठली नाही, एवढंच. मग सगळं कंसात लिहायचं. कंसातला पहिला शब्द हुकूम, बाकीचे शब्द तो कशावर चालवायचा ते. (उलट नक्षी) लिहिलं की नक्षी उलट्या क्रमाने मिळते. (विण नक्षी) लिहिलं की विणली जाते. हे कंस वाचून यंत्राला समजावणारा जो प्रोग्रॅम, तो माझा दुभाष्या. मला तरुणपणापासून असा एक लिहायचा होता. कंपनीत कोणी लिहू दिला नाही.

ताई म्हणाली, "अरे, नुसतं चालू झालं तरी पुरे." तिला ह्यातली गंमत कळायला वेळ लागेल.

५ तारीख, गुरुवार

दुभाष्या बोलू लागला. काही हुकूम त्याला जन्मतःच यायला हवेत, त्यांना मी अंगभूत म्हणतो. आत्ता सात आहेत: पहिला, बाकी, जोड, उलट, मोज, पुन्हा, विण. यादीतला पहिला, पहिला सोडून बाकी, दोन याद्यांची एक, आणि असंच. सातांत चांगलं भागतं, पण सात म्हणजे अगदीच दरिद्री वाटतं.

मास्तर खुर्ची ओढून मागे बसतात आणि बघत राहतात. मला "धाकटे" म्हणतात. आज जोड कसा चालतो ते मी त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. इतर लोक जोडताना यादीची नक्कल करतात, वेळ घालवतात. मी पहिल्या यादीचं शेवटचं टोक सरळ दुसऱ्या यादीला बांधून टाकतो. एका फटक्यात काम!

मास्तरांनी बराच विचार केला. "मग जोडल्यावर पहिली कुठे जाते?"

"जाते कुठे? असते तिथेच."

"तशीच?"

"तशीच हो, मास्तर."

साधी गोष्ट आहे, पण ह्या पिढीला वेळ लागतो.

९ तारीख, सोमवार

अंगभूत हुकूम एकेचाळीस झाले. रंगांची नावं अकारविल्हे लावणारा हुकूम. आज कुठला वार आहे ते सांगणारा. ओळींची संख्या मूळ संख्या आहे का ते ओळखणारा. हा लिहायला संध्याकाळ गेली, पण काय देखणा झालाय!

ताईने विचारलं, "मूळ संख्या मफलरात कुठे लागते?" चाळीस मफलरांची मागणी आली आहे, एका गायकवृंदाची. मी म्हटलं, आत्ता नाही लागत, पुढे लागेल. ती "बरं" म्हणाली आणि माझ्यासमोर डबा ठेवून गेली.

१० तारीख, मंगळवार

मास्तरांना काम नाही म्हणून ते भिंतीशी खेळत बसलेत. मी छापून दिलेला प्रोग्रॅम त्यांनी भिंतीवर चिकटवला, प्रत्येक कंसाला टाचणी लावली आणि उघडणारा कंस त्याच्या मिटणाऱ्या कंसाला रंगीत धाग्याने बांधला. आतल्या जोडीला पिवळा, बाहेरच्या जोडीला निळा, त्याच्या बाहेर तांबडा. सबंध सकाळ त्यातच. जाताना म्हणाले, "धाकटे, ह्या एका टाचणीला जोडीदार नाही."

तेवढ्यात मी स्वतःच शोधून काढलं की चौदाव्या ओळीत एक कंस मिटायचा राहिला होता. त्याच टाचणीजवळ होता, हा योगायोग.

१२ तारीख, गुरुवार

आज यंत्र हललं! विटेएवढा चौकोन विणला, त्यात एक तिरकी रेघ. मास्तरांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला, कड ओढून पाहिली, वासही घेतला. मग भिंतीवरच्या खिळ्यांपैकी एकावर अडकवला. तिथे त्यांचे सव्वीस वर्षांचे नमुने टांगलेले आहेत. मी एक जुना हातात घेऊन धागा ओढून पाहणार, तोच ते ओरडले. मला वाटलं, मी वायरीला हात लावला.

"नमुन्याला हात नाही," ते म्हणाले. "नमुना बघायचा. विणायचं ते नवीन."

असेल काही जुना नियम. मी सॉरी म्हटलं.

ताई चौकोन पाहून खूश झाली, पण बसून शांतपणे म्हणाली, "एक सांगते, राग मानू नको. तू आज आहेस. उद्या नोकरी लागली की जाशील, आणि जायलाच हवंस. यंत्र मी तेव्हाच ठेवीन जेव्हा मास्तर तुझ्याशिवाय ते चालवतील. २६ तारखेला तू इथे यायचं नाही. मास्तर एकट्याने एक मफलर विणतील. जमलं तर व्यापाऱ्याला परत पाठवते. नाही जमलं तर तो २७ ला घेऊन जाईल."

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. घरी येताना मात्र मास्तरांचा हात आठवत राहिला. मास्तर लॅपटॉपच्या कळा एका बोटाने दाबतात, आणि प्रत्येक कळ दाबल्यावर तिची माफी मागितल्यासारखे थांबतात.

१६ तारीख, सोमवार

त्यांना सोपं जावं म्हणून आणखी हुकूम घातले. अठ्ठ्याऐंशी. उदाहरणार्थ आरसा: नक्षी द्या, अर्धी सरळ अर्धी उलटी, आरशात पाहिल्यासारखी जोडून मिळते. चौदा ओळींचा हुकूम, सगळे अपवाद धरून.

मास्तरांना तो असल्याचं ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतःच लिहिलं: (जोड नक्षी (उलट नक्षी)). एका ओळीत. चाललंही. मी आतून जरा खट्टू झालो, पण वरवर पाठ थोपटली.

दुपारी ते म्हणाले, "धाकटे, हेच दुसऱ्यांदा दिलं तर नक्षी दुप्पट लांब आली."

"दोनदा एंटर दाबला असेल."

"एकदाच दाबला."

"मास्तर, दाबला असेल हो."

त्यांनी बोट कळांवरून काढून घेतलं. कान लाल झाले त्यांचे. मला वाईट वाटलं, पण यंत्र खोटं बोलत नाही.

१८ तारीख, बुधवार

एकशे चार! शेवटचा हुकूम शाबास. मफलर पूर्ण झाला की पडद्यावर "शाबास" उमटतं. बायकोला दाखवला. ती म्हणाली, "हा तू कोणासाठी लिहिलास?" अर्थात मास्तरांसाठी. ती का हसली कोण जाणे.

उद्या पहिला पूर्ण मफलर. दोन्ही टोकांना काठ, मधे नक्षी. ताईने शेजारच्या शिंपीणबाईंनाही बघायला बोलावलंय.

१९ तारीख, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय. पण ही वही खाजगी आहे आणि मी भित्रा नाही.

हुकूम दिला तो असा: (विण (जोड (जोड काठ नक्षी) काठ)). आधी काठ, मग नक्षी, मग पुन्हा काठ. गाडी सुरेख धावू लागली. काठ झाला, नक्षी सुरू झाली, शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. वीस मिनिटांत होईल म्हणून आम्ही सगळे समोरच्या खोलीत जेवायला बसलो. मी जरा जास्तच बोललो. भाषेचं भविष्य वगैरे.

तासाभराने परत आलो तर मफलर टोपलीतून ओसंडून जमिनीवर, जमिनीवरून टेबलाखाली, आणि गाडी धावतेच आहे. काठ, नक्षी, काठ, नक्षी. शिंपीणबाई म्हणाल्या, "गायकवृंद जिराफांचा असणार."

मी लॅपटॉपकडे धावलो. म्हटलं, किती ओळी राहिल्यात ते बघू, आणि मोज चालवला. तोही मोजायला बसला तो उठेचना. पडदा गोठला. गाडी धावतेय, ताई "थांबव, थांबव" म्हणतेय, मी सगळ्या कळा एकदम दाबतोय. मास्तर मुख्य बटणाशी जाऊन उभे राहिले, पण दाबेनात. गाडी कडेला पोचेपर्यंत थांबले, ओळ पुरी झाली तेव्हा बटण खाली ओढलं. अर्ध्या ओळीत थांबवलं असतं तर सुया वाकल्या असत्या. एवढ्या गोंधळात त्यांना हे सुचलं.

मफलर चार मीटर भरला. ताई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

मी तडक घरी आलो. बायकोला सांगितलं, डोकं दुखतंय.

२० तारीख, शुक्रवार

जायचं नव्हतं. नऊ वाजता मास्तर दारात. सव्वीस वर्षांत त्यांनी कामाचा दिवस चुकवला नसेल, आणि आज कारखाना सोडून माझ्या दारात, हातात गुंडाळलेला तो चार मीटरचा प्रकार! चहा घेतला. मग माझ्या बैठकीत मफलर अंथरला, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि गुडघ्यांवर बसले.

"धाकटे, हा काठ. हा पुढचा काठ. आता नीट बघा, हा वेगळा काठ नाही. तोच आहे. तुम्ही काठाला नक्षी बांधलीत, तेव्हा काठ काठ राहिला नाही, काठ आणि नक्षी झाला. मग त्याच्या शेवटाला परत तोच काठ बांधलात. म्हणजे शेपूट तोंडात."

मी म्हटलं, "पण मी तर फक्त जोडलं."

"जोडलं नाहीत. खिळ्यावरचा नमुना काढून मफलरात विणलात. आपण तसं करत नाही. नमुना बघायचा, विणायचं ते नवीन."

माझ्या कानशिलातून वाफ निघाली असावी. नक्कल करायचा वेळ वाचवला म्हणून पंधरा दिवस मी मिरवत होतो! दुप्पट लांब आलेली नक्षीही त्यानेच. त्यांनी एंटर एकदाच दाबला होता.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत," मी म्हटलं, "पहिली यादी कुठे जाते म्हणून."

"हो."

"मग माझं ऐकून गप्प का बसलात?"

ते मफलर गुंडाळू लागले. "तुम्ही शिकलेले. मला वाटलं, मलाच कळलं नसेल."

मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. माफी मागितली. बायको आतून पाहत होती, तिच्यासमोर मागितली.

२३ तारीख, सोमवार

जोड दुरुस्त केला. आता तो पहिल्या यादीची नक्कल करतो आणि तिच्या शेवटाला दुसरी बांधतो. नमुन्याला हात नाही. चार ओळींचं काम.

पण जुन्या जोडवर माझे एकतीस हुकूम उभे होते, ते धडाधड कोसळले. दुपारभर ठिगळं लावली. तीन वाजता मास्तरांनी एक कागद पुढे केला. गायकवृंदातल्या चार आवाजांच्या चार गटांसाठी चार मफलर, पेन्सिलीने, कंसांत, स्वच्छ अक्षरात. मी सगळ्यात वापरलेले हुकूम मोजले. सात. तेच पहिले सात.

बाकीचे सत्त्याण्णव मी आज काढून टाकले. मूळ संख्येवाला शेवटी. शाबास त्याच्याही नंतर. हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू. मास्तर म्हणाले, "जड वाटतं ना? उसवताना मलाही वाटतं."

२४ तारीख, मंगळवार

परवा मी नसणार. म्हणून एकच नवीन हुकूम घातला: मदत. (मदत जोड) लिहिलं की जोड काय करतो ते दुभाष्या सांगतो. मजकूर पहिल्यांदा मी लिहिला तो दीड पानाचा झाला. बायकोने वाचून विचारलं, "हे समजायला कोणाची मदत घ्यायची?" तिनेच पेन घेतलं. आता प्रत्येक हुकमाला दोन ओळी. "जोड: दोन याद्यांची एक नवीन यादी करतो. जुन्या दोन्ही होत्या तशाच राहतात."

मास्तरांनी सगळ्या वाचल्या, ओठ हलवत. प्रत्येक वेळी मान डोलावली.

२६ तारीख, गुरुवार

आज बंदी. घरी बसलो. बायकोने कपाटाचा खण आवरायला दिला, मी तो दोनदा आवरला. फोन समोर ठेवला होता. वाजेना. अकराला उचलून बघितला, चालू आहे ना म्हणून. मास्तर अडले असतील, विचारायला संकोच वाटत असेल. एक बोट, गोठलेला पडदा, ताई कॅलेंडरकडे बघतेय. साडेबाराला बूट घातले. बायकोने उतरवायला लावले.

पाचला ताई आली. पिशवीतून मफलर काढला. दोन काठ, मधे नक्षी, बोटभर कमी नाही की जास्त नाही. मी नाकाला लावला, लोकरीचा वास.

"अडलं नाही कुठे?"

"एकदा अडलं. त्यांनी मदत लिहिलं, वाचलं आणि पुढे गेले."

"माझं नाव काढलं?"

"नाही रे. कामात होते." ताईचे डोळे भरून आले होते, आणि ती हसतही होती. "राहिलं बघ यंत्र. राहिले मास्तर."

मी तिला जवळ घेतलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच. खूप आनंद झाला. आणि त्याच आनंदात कुठेतरी असंही वाटलं, की एकदा तरी फोन करायला हरकत नव्हती. हे फक्त वहीत.

२७ तारीख, शुक्रवार

व्यापारी आला आणि हात हलवत परत गेला. ताईने फोनवर सांगितलं. मी घरीच होतो. बिजागऱ्या करकरत नाहीत.

३० तारीख, सोमवार

चाळीसच्या चाळीस मफलर आज दुपारी गेले. मास्तरांनी सगळे एकट्याने विणले.

पण मदत ह्या हुकमात काहीतरी गडबड आहे. सकाळी साडेआठला मास्तरांचा फोन: "धाकटे, उलट काय करतो?" मी सांगितलं. दहाला फोन: "मोज कशासाठी?" तेही सांगितलं. सव्वाअकराला: "पुन्हाला आकडा आधी द्यायचा की नंतर?" अहो, कालपर्यंत ह्या माणसाने चाळीस मफलर विणले! दीड वाजता परत जोड. मी म्हटलं, "मास्तर, कंसात मदत लिहा, मग जोड लिहा. सगळं पडद्यावर येतं."

"लिहिलं."

"मग आलं नाही?"

"आलं ना. दोन ओळी आल्या."

"कळल्या नाहीत का?"

"कळल्या." पलीकडून यंत्राच्या गाडीचा आवाज येत होता. "वाचून झाल्या, धाकटे. दोनच होत्या. मग तुमची खुर्ची रिकामीच."

म्हणजे दोन ओळी कमी पडतात, हे उघड आहे. मी तेव्हाच म्हणत होतो, दीड पान लागेल. बायकोला तसं सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. उद्या आठला कारखान्यात जातो आणि मास्तरांशेजारी बसूनच नीट लिहून काढतो. सात हुकूम आहेत, घाई करून चालणार नाही.